मुलांना द्यायला कसे शिकवावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी खामगाव येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या समारंभात दोन शब्द बोलावे, असे चिटणीसबाईंचे पत्र आले तेव्हा मला आनंद झाला आणि थोडा संकोचही वाटला. आनंद अशासाठी, की शिवणकामापासून आरोग्यापर्यंत संसाराला उपयोगी असे सारे विषय या मंडळात हौसेने ऐकले जातात. संकोच अशासाठी, की मी काही व्याख्याती नव्हे. येथील एका ख्रिस्ती प्राथमिक शाळेत मी तीस वर्षे शिकविले. माझे सारे बोलणे चिमुकल्या बाकांवर बसणाऱ्या श्रोत्यांपुढे झाले. ते श्रोते कंटाळले की तोंडावर हात न ठेवता जांभई देतात. आपण तसे करणार नाही, एवढ्या भरवशावर मी उभी आहे.

विषय चिटणीसबाईंनीच ठरवून दिला आहे. शाळेतील लहान मुलांना दानधर्माची आणि समाजाविषयीच्या कर्तव्याची ओळख कशी करून द्यावी, हा तो विषय. ख्रिस्ती शाळांत सेवाभाव चांगला शिकवितात अशी ख्याती आहे, तेव्हा तो कसा शिकवितात ते सांगावे, असेही त्यांनी लिहिले. ख्याती ऐकून बरे वाटते. परंतु शाळेच्या फाटकाच्या आत आयुष्य गेलेल्या बाईला ख्यातीपलीकडचेही थोडे दिसलेले असते. मुलांकडून पैसे गोळा करणे सोपे आहे. एक डबा फिरवावा, तो भरतो. मात्र दान भलत्या रीतीने शिकविले, तर देणारे मूल गर्विष्ठ होते आणि घेणारे मूल मनातल्या मनात कुढू लागते. आणि ही दोन्ही मुले बहुधा एकाच वर्गात, कधी कधी एकाच बाकावर बसलेली असतात. आज मला जे सांगायचे आहे ते या एका बाकाविषयी आहे.

हा विषय खामगावला परका नाही. आपले गाव कापसाचे. १८७० साली जलंबपासून येथवर आगगाडीचा फाटा आला, तो मुख्यत: कापसाच्या गाठी नेण्यासाठी. त्यानंतर तीस वर्षांच्या आतच वऱ्हाडाने दोन दुष्काळ पाहिले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा, त्याहून भयंकर, १८९९-१९०० चा. विक्रम संवत १९५६ मध्ये तो पडला, म्हणून मारवाडी आणि गुजराती घरांतून त्याला 'छप्पनिया' म्हणतात. बाजारात पैसा खेळत असला तरी शेतमजुराच्या घरची कणगी भरलेली नसे. पाऊस हुकला की काम थांबे, आणि काम थांबले की चूल थांबे. आईबाप गमावलेली लेकरे वाटेवर दिसू लागली. त्या काळी वऱ्हाडात काम करणाऱ्या 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकन मिशनने मुलग्यांसाठी अकोल्याला आणि मुलींसाठी खामगावला अनाथालय चालविले. तिकडे पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून दुष्काळातल्या शेकडो मुली आपल्याबरोबर घेऊन गेल्या आणि केडगावला त्यांचे 'मुक्ती सदन' उभे राहिले.

या मुलांच्या तोंडी घास कोठून आला? थोडा येथल्या लोकांकडून आला, थोडा समुद्रापलीकडून. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' नावाच्या साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गण्या गोळा केल्या आणि १९०० साली 'क्विटो' या जहाजातून मका मुंबईला धाडला. ज्यांनी आपले खामगाव नकाशावरही पाहिले नव्हते अशा माणसांनी तो घास पाठविला होता. वऱ्हाडातील कित्येक ख्रिस्ती घराण्यांची कहाणी त्या अनाथालयांच्या पटापासून सुरू होते, आणि त्यांतल्याच एका घराण्यातली मी आहे. म्हणून दान ही गोष्ट मी दोन्ही बाजूंनी पाहत आले. देणाऱ्याला कसे समाधान वाटते ते मला ठाऊक आहे, आणि घेणाऱ्याच्या मनात काय चालते तेही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या बोलण्यातून, आणि अधिक करून त्यांच्या न बोलण्यातून, मला कळले आहे.

त्या अन्नाबरोबर धर्मही आला, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. तो वाद घालण्याची ही जागा नव्हे. पण त्या वादातला एक प्रश्न प्रत्येक शिक्षिकेने आणि प्रत्येक आईने स्वत:ला विचारावा असा आहे. देताना आपण घेणाऱ्याकडून काय मागतो? पैसे तर मागत नाही. पण त्याने वाकावे, आभार मानावेत, आपल्या चांगुलपणाला साक्ष राहावे, एवढे तरी मागतोच. मोठी माणसे हे देणे कसेबसे देऊन टाकतात. लहान मुलाला ते फार जड जाते.

एक पाहिलेली गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेच्या नाताळच्या समारंभाला मी पाहुणी म्हणून गेले होते. शाळेचे आणि गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे समारंभ सर्वत्र होतात आणि चांगल्या हेतूनेच होतात. कार्यक्रमात 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना' स्वेटर वाटण्यात आले. एकेकाचे नाव पुकारले जाई, मूल व्यासपीठावर येई, प्रमुख पाहुणे स्वेटर देत, टाळ्या पडत, छायाचित्र निघे. दुसरीतला एक मुलगा स्वेटर घेऊन खाली उतरला तो थेट भिंतीकडे तोंड करून बसला. पुढे जानेवारीत त्याच्या आईची माझी गाठ पडली. थंडी कडाक्याची होती. मी सहज स्वेटरची चौकशी केली. ती म्हणाली, "बाई, स्वेटर लई चांगला आहे, पण पोरगं अंगाला लावू देत नाही. म्हणतं, तो घातला की पोरं मला 'ए होतकरू' म्हणून हाक मारतात."

भगिनींनो, स्वेटर लोकरीचा होता, मापाचा होता, देणाऱ्यांचे मनही चांगले होते. तरी त्या मुलाची थंडी गेली नाही. आणि टाळ्या वाजविणारी जी मुले खाली बसली होती, ती त्या दिवशी काय शिकली? आपण देणारे आणि तो घेणारा, एवढे मात्र ती पक्के शिकली. तेव्हापासून मी आमच्या शाळेत आग्रह धरला की वाटप करायचे असेल तर नाव पुकारायचे नाही आणि छायाचित्र काढायचे नाही. त्या काळी छायाचित्रकार एकच असे. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, म्हणून हा आग्रह आता अधिकच हवा. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी येशूची शिकवण आम्ही मुलांना सांगतो. मग ती साऱ्या गावाच्या फोनवर कशी चालेल? आपल्याकडे गुप्तदानाला श्रेष्ठ मानले आहे ते याच समजुतीने.

आता आमच्या शाळेत आम्ही काय करीत असू ते सांगते. नाताळाच्या आधी आणि पुढे उपवासकाळात, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या चाळीस दिवसांत, मुलांकडून दान गोळा करण्याची प्रथा होती. पूर्वी पत्र्याचा डबा फिरे. त्यात नाणे टाकले की खणकन् वाजे. न वाजणारा हात साऱ्या वर्गाला कळे. काही वर्गांत तर कोणी किती दिले याचा तक्ता भिंतीवर लागे आणि शेवटी पहिल्या क्रमांकाच्या वर्गाला बक्षीस मिळे. गोरगरिबांसाठी पैसे जमवायचे आणि त्याचीच शर्यत लावायची, हे काही मनाला पटेना.

आमच्या चर्चमध्ये दानासाठी कापडी पिशवी फिरविण्याची रीत आहे. तीच मी वर्गात आणली. खोल, जाड खादीची पिशवी शिवून घेतली आणि नियम केला, की प्रत्येकाने मूठ बंद करून पिशवीत घालायची आणि उघडा हात बाहेर काढायचा. मुठीत काय होते, किती होते, होते की नव्हते, हे कोणालाही दिसायचे नाही. तक्ता काढून टाकला. पिशवीत जे निघेल ते शनिवारी सर्वांदेखत मोजायचे, पण ते साऱ्या वर्गाचे मिळून.

पहिल्याच वर्षी तिसरीतली एक मुलगी मधल्या सुटीत माझ्याजवळ रेंगाळली. तिची आई जिनिंगमध्ये कामाला जाई. हंगाम संपला की घरात ओढ असे. तिने हळूच विचारले, "बाई, रिकामी मूठ चालते का?" मी म्हटले, "चालते." तिचे समाधान झालेले दिसेना. मग म्हटले, "तू रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन फळा पुसतेस आणि माठात पाणी भरतेस. ते मी पिशवीत धरलेले आहे." त्यानंतर ती मूठ अशी काही आवळून पिशवीत घाली, की तीत मोहरच असावी!

ज्या विधवेने मंदिराच्या पेटीत दोन टोल्या टाकल्या तिची गोष्ट बायबलात आहे. श्रीमंतांनी उरलेल्यातून दिले आणि तिने आपल्या गरजेतून दिले, म्हणून तिचे दान सर्वांत मोठे ठरले. ही गोष्ट मुलांना फार आवडते, आणि ती ऐकल्यावर एक अडचणीचा प्रश्नही हमखास येतो. "बाई, मी शंभर रुपये आणले, पण ते बाबांनी दिले. मग ते माझे दान की बाबांचे?" आपल्या मुलांची बुद्धी किती सरळ चालते पाहा! शाळेच्या फाटकाशी आई घाईघाईने पर्स उघडते, नोट काढते आणि "हे घे, शाळेत द्यायचे आहे" म्हणून मुलाच्या हातात कोंबते. ते मूल केवळ टपालवाला झाले. पाकीट कोणाचे आणि पत्ता कोणाचा, त्याला काही ठाऊक नाही.

म्हणून मी पालकांना सांगत असे की नोट देऊ नका. मुलाला त्याच्या स्वत:च्या वाट्यातून काही वाचवू द्या. शनिवारच्या शेंगदाण्याच्या पुडीचे पैसे, वाढदिवसाला मावशीने दिलेल्या पैशांतला भाग, जत्रेतल्या खाऊतला हिस्सा. रक्कम लहान असेल, पण त्यासाठी मुलाने काहीतरी सोडलेले असेल. सोडल्यावाचून देण्याची चव कळत नाही.

किती द्यावे, हेही मुलांना सांगावे लागते. चौथीच्या अपूर्णांकाच्या तासाला मी हा धडा घेत असे. आमच्याकडे दशांशाची रीत आहे, म्हणजे दहातला एक. मुसलमान बांधवांकडे जकात आहे; वर्षभर जवळ राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग द्यायचा. आणि महर्षी कर्वे तरुणपणी मुंबईला असताना त्यांनी आपल्या गावासाठी १८८६ साली 'मुरूड फंड' काढला, त्यात मिळकतीच्या रुपयामागे एक पैसा द्यायचा होता. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत, म्हणजे चौसष्टांश. मुले पाटीवर तिन्ही अपूर्णांक लिहीत, कोणता मोठा, कोणता लहान ते काढीत, आणि मग आपापल्या दहा रुपयांचा हिशोब करीत. गणित होई आणि आणखीही काही होई. मोठे दान पाहून दडपून जाण्याचे कारण नाही, आपल्या मिळकतीच्या मानाने दिले म्हणजे पुरते, ही गोष्ट त्यांना आकड्यांतून पटे. अंताजी दामोदर काळे यांनी महाराष्ट्रात एकेक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, ही हकीकतही मी त्याच तासाला सांगत असे.

कर्व्यांचे नाव निघाले म्हणून आणखी एक सांगते. लोकसेवेची ओढ त्यांना कोणा मोठ्या पुढाऱ्याने लावली नाही. मुरूडच्या शाळेतील सोमण मास्तरांनी ती लावली. मास्तरांच्या सांगण्यावरून लहानगा धोंडू संध्याकाळी देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. पुढे ज्याने विधवांसाठी आश्रम काढला, मुलींसाठी विद्यापीठ काढले आणि ज्याला वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न मिळाले, त्याच्या समाजसेवेचा श्रीगणेशा वर्तमानपत्र वाचण्याने झाला! त्याला पैसा लागला नाही. आपल्याला वाचता येते आणि शेजाऱ्याला येत नाही, तेव्हा आपले वाचणे थोडे त्याचेही आहे, एवढे उमजले म्हणजे झाले.

आम्ही त्याचे अनुकरण केले. चौथीतल्या मुलांच्या तिघातिघांच्या जोड्या करून, घरच्यांच्या परवानगीने, त्यांच्याच गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीआजोबांकडे आठवड्यातून एकदा धाडू लागलो. वर्तमानपत्र वाचायचे, आलेले वीजबिल वाचून सांगायचे, औषधाच्या पाकिटावरची तारीख पाहायची. सोबत न्यायचे काही नाही. बिस्किटांचा पुडाही नाही, कारण पुडा नेला की आपण 'देणारे' होतो. एक मुलगी पहिल्या दिवशी परत आली ती हिरमुसून. म्हणाली, "बाई, आजींनी मला वाचूच दिले नाही. त्यांनीच मला जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखविल्या." मी म्हटले, "मग आज तू घेऊन आलीस." जिला आपण मदत करायला गेलो तिच्याजवळही आपल्याला देण्यासारखे काही असते, हे त्या मुलीला आठव्या-नवव्या वर्षी कळले. कित्येक समाजसेवकांना ते साठाव्या वर्षीही कळत नाही.

आपला वऱ्हाड तर या बाबतीत भाग्यवान आहे. गाडगेबाबा आपले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात त्यांचा जन्म झाला आणि १९५६ साली अमरावतीजवळच त्यांचा देह पडला. बाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत, रस्ते झाडीत, आणि मग भाकरी मागत. काम केल्यावाचून फुकटचा घास त्यांना चालत नसे. धर्मशाळा बांधल्या, पण स्वत: त्यांत राहिले नाहीत. आणि इथून जवळच शेगावला पाहा. श्री गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येऊन विनामूल्य सेवा करतात. कोणी पंगत वाढतो, कोणी चपला सांभाळतो. त्यांत शेतकरी असतो, तसा नोकरदारही असतो. आमच्या शाळेतल्या पुष्कळ मुलांनी आपल्या वडिलांना किंवा काकांना असे सेवेला गेलेले पाहिलेले असते. मी वर्गात विचारी, "काका तिथे काय करतात?" उत्तर येई, "ताटं उचलतात." "घरी उचलतात का?" मग सारा वर्ग हसे. पण त्याच दिवशी डबा खाल्ल्यावर जागा पुसायला चारदोन हात आपणहून पुढे होत.

ख्रिस्ती शाळेत हिंदू मुले असतात, मुसलमान, बौद्ध आणि जैन मुले असतात. ख्रिस्ती मुले बहुधा थोडीच. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणाही मुलाला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला बसविता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण सेवेचा धडा सर्वांना एकत्र बसवून देता येतो, कारण पंगत, जकात, दशांश, उन्हाळ्यातली पाणपोई, बुद्धाने सांगितलेले दान, हे सारे प्रत्येकाच्या घरी आधीपासूनच आहे. शिक्षिकेने ते बाहेर काढून एका फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे.

शाळेची स्वत:चीही काही जबाबदारी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांना पहिल्या वर्गाच्या निदान पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना देणे भाग पडले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. मला कायदा फारसा कळत नाही. पण मला वाटते, ज्या शाळेवर सक्ती नाही तिने ते आपखुशीने करावे. नाताळात बाहेरच्या गरीब वस्तीत जाऊन खाऊ वाटण्यापेक्षा त्या वस्तीतले मूल वर्षभर आपल्या बाकावर बसणे, हा सेवेचा मोठा धडा आहे. मग त्याला कोणी 'ती गरीब मुले' म्हणत नाही, नावाने हाक मारतात.

आता वह्यांची हकीकत, ती या मंडळाला विशेष उपयोगी पडेल. एप्रिलमध्ये वर्ष संपले की प्रत्येक मुलाच्या वहीत पाचदहा पाने कोरी राहतात. ती वही रद्दीत जाते. आम्ही परीक्षा संपल्यावर दोन दिवस त्यासाठी राखून ठेवू लागलो. पहिली-दुसरीच्या मुलांनी कोरी पाने अलगद काढायची, तिसरीच्या मुलांनी ती मापाने जुळवायची. चौथीच्या मुलांनी बाईंच्या देखरेखीखाली दाभणाने आणि जाड दोऱ्याने शिवायची, मैद्याची खळ लावून जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा चढवायचा. निघालेल्या वह्या एका कपाटात ठेवायच्या आणि कपाटाला कुलूप घालायचे नाही. ज्याची वही संपेल त्याने ती न विचारता घ्यायची. कोणी घेतली हे लिहून ठेवायचे नाही. नियम एकच: घेणाऱ्यानेही वर्षअखेर आपली कोरी पाने परत द्यायची.

एकदा एका डॉक्टरांच्या मुलीने त्यातली वही घेतली. माझ्या एका सहकारी बाईंना ते रुचले नाही. त्या म्हणाल्या, "हिला काय कमी आहे? गरजू मुलांच्या वह्या संपतील." मला मात्र फार बरे वाटले. त्या दिवसापासून दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्याची वही हातात असली म्हणजे मूल गरीब, असे कोणालाही म्हणता येईना. वह्या संपल्या नाहीत. उलट पुढच्या एप्रिलला त्या मुलीने आपल्या बिल्डिंगमधल्या साऱ्या मुलांची पाने गोळा करून आणली.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर आले, तेव्हा या गोष्टींची परीक्षा झाली. काही घरांत दोन-दोन फोन, काही घरांत एकही नाही. आमच्या चौथीतल्या एका मुलाने घराच्या ओट्यावर अंतर ठेवून तीन पोती अंथरली आणि गल्लीतल्या दोन मुलांना रोज आपल्याबरोबर बसविले. मी त्याच्या आईला फोन करून शाबासकी दिली, तेव्हा ती म्हणाली, "बाई, आम्ही काही सांगितलं नाही. तो म्हणाला, कपाटाला कुलूप नसतं." एवढे एक वाक्य ऐकायला मिळाले, म्हणजे शिक्षिकेला आपल्या नोकरीचे वेगळे निवृत्तिवेतन मिळाले, असे मी समजते.

शेवटी या मंडळाकडे तीन मागण्या करते. मागायला आल्यावर संकोच कशाला?

पहिली मागणी घरची आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे चालविली, त्या वेळी खेड्यापाड्यांतल्या आयाबहिणींनी मूठ मूठ धान्य बाजूला काढून मुष्टिफंड भरला. आपल्या स्वयंपाकघरात तसा एक डबा ठेवावा. रोज भाकरीचे पीठ किंवा तांदूळ काढताना एक मूठ त्यात टाकायची, आणि ती मूठ मुलाच्या हाताने टाकायची. लहान हातात थोडेच मावते, ते मावेल तेवढेच. महिनाअखेर ते धान्य कोठे द्यायचे हेही मुलाला विचारावे. त्याने सुचविलेले घर आपल्याला सुचलेले नसेल, कारण कोणाचा डबा रिकामा येतो हे वर्गातल्या मुलांना आपल्या आधी कळते.

दुसरी मागणी मंडळाची. एप्रिलमध्ये वह्या शिवायला शाळांना माणसे कमी पडतात. आपल्यापैकी ज्यांना शिवणटिपण येते त्यांनी दोन दुपारी द्याव्यात. एकट्या ख्रिस्ती शाळेत नव्हे, जवळची नगरपरिषदेची शाळा असेल तेथेही जावे. आणि वह्यांवर मंडळाचे नाव छापू नये. हे शेवटचे वाक्य चिटणीसबाईंनी कृपा करून वृत्तान्तातून गाळू नये!

तिसरी मागणी अशी, की यापुढे मंडळातर्फे कपडे, खाऊ, पुस्तके जे काही वाटले जाईल ते वाटताना मुलांना व्यासपीठावर बोलावू नये. अहवालात छायाचित्र हवेच असेल तर आपल्या भगिनी सुईदोरा घेऊन बसल्या आहेत त्याचे घालावे. देणाऱ्याचे काम दिसले तर कोणाचे नुकसान नाही. घेणाऱ्याचा चेहरा मात्र झाकलेलाच बरा.

मुलांना दया शिकवावी लागत नाही असे माझे तीस वर्षांचे निरीक्षण आहे. पडलेल्याला उचलायला मूल आधी धावते, मोठी माणसे मागाहून. शिकवावे लागते ते एवढेच, की उचलताना त्याचा हात कसा धरावा. तेवढे आपण आया आणि शिक्षिका मिळून करू या.